विचारायला शिकलेली स्नेहल

अंजनाबाईंच्या लक्षात स्नेहल पहिल्यांदा आली ती एका गोळीमुळे. पिंपळवंडीच्या जिल्हा परिषद शाळेत त्या तेव्हा चौथीचा वर्ग सांभाळत होत्या. आरोग्य केंद्राच्या नर्सबाई रक्तवाढीच्या गोळ्या घेऊन आल्या होत्या. मुली ओळीने उभ्या राहून गोळी तोंडात टाकत होत्या आणि वर पाणी पीत होत्या. आरती नावाच्या मुलीने गोळी घेतली, पाणी प्यायलं, तोंड उघडून दाखवलं आणि जागेवर जाऊन बसली. नर्सबाईंना काही कळलं नाही. अंजनाबाईंनाही नाही. मागच्या बसकरपट्टीवरून एक बारीक चणीची, दोन घट्ट वेण्यांची मुलगी उठली आणि आरतीचा हात धरून तिला नळाकडे घेऊन गेली. बाई मागोमाग गेल्या. पाहतात तर त्या मुलीने फ्रॉकच्या खिशातला गुळाचा खडा काढून आरतीच्या हातावर ठेवला होता, आणि आरती जिभेखाली दडवलेली गोळी गुळाबरोबर मुकाट्याने गिळत होती. दोघींमध्ये एक शब्दही झाला नव्हता.

“तुला कसं कळलं गं?” बाईंनी नंतर विचारलं.

“ती हसली, तवा तोंड मिटून हसली, बाई. ती तशी हसत न्हाई.”

ही स्नेहल. भरत नावाच्या शेतकऱ्याची थोरली. त्या दिवसापासून बाई तिच्याकडे बघत राहिल्या. कोण उपाशी आलंय, कुणाच्या घरी सकाळी भांडण झालंय, हे तिला चेहऱ्यावरून समजायचं. समजलं की ती त्याबद्दल बोलायची नाही. नुसती त्या मुलीशेजारी जाऊन बसायची आणि डबा उघडायची. एकदा बाईंचं डोकं दुखत होतं, वर्गात कुणालाच माहीत नव्हतं. स्नेहलने उठून उन्हाच्या बाजूची खिडकी लावली आणि परत पाढे लिहायला बसली. चाळीस वर्षांच्या नोकरीत हुशार मुलं बाईंनी पुष्कळ पाहिली होती. न विचारता ओळखणारी मात्र ही एकच.

पुढे स्नेहल फार्मसीला गेली, याचं बाईंना नवल वाटलं नाही. बी. फार्म. झाली, राज्याच्या फार्मसी कौन्सिलमध्ये नाव नोंदवून घेतलं आणि जुन्नरच्या बाजारपेठेतल्या एका मेडिकलमध्ये कामाला लागली. तोवर अंजनाबाई निवृत्त होऊन जुन्नरलाच राहायला आल्या होत्या. त्यांचे यजमान भिमाजी एसटीत कंडक्टर होते, तेही घरी बसले होते. ‘बसले’ म्हणायचं एवढंच. सकाळी स्टँडवर चक्कर मारून कुठली गाडी किती लेट आहे हे पाहिल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नसे. त्यांना रक्तदाबाचा त्रास होता. दर महिन्याला चिठ्ठी घेऊन ते स्नेहलच्या मेडिकलमध्ये जायचे आणि गोळ्यांबरोबर दुकानातल्या चार बातम्या घेऊन यायचे.

त्या मेडिकलचे ते दिवस बाईंना अजून आठवतात. बाजाराच्या दिवशी दुकानासमोर चपलांचा ढीग पडायचा. डोंगराकडच्या बाया भात आणि नाचणी विकून झाली की औषधाला यायच्या. त्यातल्या निम्म्यांना वाचता येत नसे. स्नेहल सकाळच्या गोळ्यांच्या पाकिटाचा एक कोपरा कात्रीने कापायची, संध्याकाळच्या पाकिटाचे दोन. बोटाने चाचपून दाखवायची आणि त्यांच्याकडून चाचपून घ्यायची. झुंबरबाई नावाच्या म्हातारीला हे इतकं पटलं होतं की दुसऱ्या दुकानातून आणलेली पाकिटंही ती कोपरे कापून घ्यायला स्नेहलकडे आणायची.

आषाढातली गोष्ट. झुंबरबाई आली आणि खोकल्याचं औषध मागू लागली. दुकानात गर्दी होती, पुरुषमाणसं होती. स्नेहलने बाटली काढली. म्हातारी एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत उभी होती. भाताच्या लावणीचे दिवस. चिखलात उभं राहून बोटांच्या बेचक्या कुजतात, त्याला तिकडे चिखल्या म्हणतात. स्नेहलने चिखल्यांच्या मलमाची एक ट्यूब कागदात गुंडाळली आणि बाटलीशेजारी ठेवली. झुंबरबाईने एकदा तिच्याकडे पाहिलं, पुडी कमरेला खोचली आणि म्हणाली, “तुझं बरं व्हईल, लेकी.” अंजनाबाई शेजारीच उभ्या होत्या. चारचौघांत कुणाला आपलं दुखणं उघडं करावं लागू नये, ही स्नेहलची रीत होती, आणि बाईंना तिचा फार अभिमान वाटायचा.

मग लग्न झालं. ऋषी अवसरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेला, सालस मुलगा. त्याला कॅनडात शेतीच्या यंत्रांच्या कंपनीत नोकरी लागली आणि स्नेहल त्याच्याबरोबर गेली. जाताना दुकानातली कात्री तिने मालकांकडून मागून घेतली.

तिकडे पोचल्यावर कळलं की इथली फार्मासिस्ट तिथे फार्मासिस्ट नसते. आधी सगळे कागद तपासायला द्यायचे, तेही आपल्या हाताने नाही. विद्यापीठाने गुणपत्रकं परस्पर पाठवायची आणि कौन्सिलने नोंदणीचा दाखला परस्पर पाठवायचा. मग तुमचं शिक्षण तिथल्या शिक्षणाच्या बरोबरीचं आहे का, हे पाहणारी परीक्षा. ती झाली की पात्रतेची, तिचे पुन्हा दोन भाग. त्यानंतर तिथल्या औषध कायद्याची परीक्षा आणि कुणाच्या तरी हाताखाली ठरलेले तास काम. हे सगळं झालं की मग नाव लागणार.

तिच्या वडिलांना, भरतला, सरकारी ऑफिसात शिरलं की घाम फुटायचा. कागदांचं काम भिमाजींनी अंगावर घेतलं. पुण्याला तीन खेपा झाल्या, मुंबईला दोन. त्यांना एसटीत बसायला निमित्तच हवं होतं. प्रत्येक खेपेनंतर ते स्नेहलला फोनवर सांगायचे, “तुजा कागद निघाला गं पोरी. तिकीट न काढता निघाला, पर निघाला.” म्हणजे चिरीमिरी न देता.

कागद पोचले. पहिली परीक्षा स्नेहल पहिल्या फटक्यात पास झाली. पात्रतेचा लेखी भागही सुटला. या काळात ती एका फार्मसीत मदतनीस म्हणून काम करत होती. खोकी उघडायची, गोळ्या मोजायच्या, फडताळं लावायची. गिऱ्हाइकाला सल्ला द्यायचा नाही. एकदा एका म्हाताऱ्याने तिला दोन बाटल्या दाखवून विचारलं, यातली कुठली घेऊ? तिला उत्तर माहीत होतं. तिने सांगितलं, थांबा, मी फार्मासिस्टना बोलावते. ते बाईंना सांगताना तिचा आवाज बारीक झाला होता.

“बाई, सहा वर्षं बोलून बोलून घसा दुखायचा. आता दिवसभरात दहा वाक्यं होतात. त्यातली पाच ‘थांबा’ म्हणून.”

शेवटचा भाग राहिला होता, तोंडी. तो तिला सगळ्यात सोपा वाटत होता. ओळीने खोल्या असतात. प्रत्येक खोलीत एक माणूस पेशंट होऊन बसलेला असतो. तो खरा पेशंट नसतो, सोंग घेतलेला असतो. काही मिनिटांत त्याचं काय ते ऐकायचं, औषध समजावायचं, चूक असेल तर पकडायची. कोपऱ्यात परीक्षक कागद घेऊन बसतो.

त्यात स्नेहल नापास झाली.

तिकडची संध्याकाळ म्हणजे इकडची सकाळ. निकाल लागल्यावर तिने फोन केला, तेव्हा बाई मेथी निवडत होत्या.

“कुठे चुकलं?” बाईंनी विचारलं. शाळेत विचारायच्या तसंच.

“निकालाबरोबर कागद आलाय, बाई. औषधांचं ज्ञान चांगलं. माहिती काढून घेणं कमी.” ती कागदावरून वाचत होती. “एका खोलीत एक माणूस होता. त्याची दोन बोटं पिवळी, विडी ओढणाऱ्याची असतात तशी. मी त्याला तंबाखू सोडण्याबद्दल सगळं नीट समजावलं. वेळ संपली. बाहेर आल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला. बोटं त्या नटाची होती. पेशंट विडी ओढतो का, हे मी विचारलंच नव्हतं.”

फोन स्पीकरवर होता. बाईंशेजारी बसलेले भिमाजी हसले. “आगं, म्हंजी तू नटाला बरं केलं आन् पेशंटला घालवलं!”

“अहो, गप्प बसा,” बाई म्हणाल्या. पण फोन ठेवल्यावर त्या मेथी हातात घेऊन तशाच बसून राहिल्या. त्या परीक्षेत कुणाच्या पायाला सूज दिसणार नव्हती, कुणी एका पायावर भार देऊन उभं राहणार नव्हतं. पोरीचे डोळे तिथे उपयोगाचे नव्हते. आणि विचारायचं तिला कुणी शिकवलंच नव्हतं. उलट न विचारण्याचं कौतुक झालं होतं. ते करणाऱ्यांत पहिल्या आपणच, हेही बाईंना आठवलं.

पुढच्या फोनला स्नेहल म्हणाली, “आता आणखी एकदाच बसणार, बाई. नाही जमलं तर मदतनीस म्हणूनच राहीन. ऋषी म्हणतो, तुला हवं तितक्यांदा बस. पण प्रत्येक वेळी दुसऱ्या गावाला जायचं, त्या खोल्यांसमोर उभं राहायचं... एकदाच.”

“ठीक आहे,” बाई म्हणाल्या. “मग रोज सकाळी साडेसातला फोन कर. मी शाळेत वीस वर्षं स्नेहसंमेलनाची नाटकं बसवली आहेत. पेशंट आम्ही होऊ.”

बाईंनी जुन्या कॅलेंडरची पानं कापून चिठ्ठ्या केल्या. प्रत्येक चिठ्ठीवर एक पेशंट. वय, दुखणं, चालू औषधं आणि खाली लाल पेनाने एक गोष्ट, जी पेशंट आपणहून सांगणार नाही, विचारली तरच सांगेल. कुणाला पेनिसिलीन सोसत नाही, कुणाला दिवस गेले आहेत, कुणी निम्म्या गोळ्या घरी ठेवून देतो. औषधांची माहिती स्नेहलच पुस्तकातून पाठवायची, माणसं बाई घालायच्या. एक नियम त्यांनी पहिल्याच दिवशी लावला. व्हिडिओ नाही. नुसता आवाज.

“दिसलं की तू ओळखतेस,” त्या म्हणाल्या. “ओळखायचं नाही. विचारायचं.”

स्नेहल प्रश्न आधी इंग्रजीत म्हणायची, मग मराठीत. पेशंटचं काम भिमाजींकडे. पस्तीस वर्षं एसटीत माणसं पाहिलेला हा कंडक्टर, त्याला सोंगांची काय कमतरता? कधी ते बहिरे म्हातारे व्हायचे, कधी घाईतले पुढारी, कधी नवऱ्याचं औषध न्यायला आलेली बाई व्हायचे आणि नवऱ्याचं नाव काही केल्या घ्यायचे नाहीत.

“नाव काय पेशंटचं?” स्नेहल विचारी.

“आमचे मालक.”

“नाव सांगा, मावशी. नावाशिवाय औषध देता येत नाही.”

“आता गं बया! धन्याचं नाव कसं घिऊ?”

मग फोनच्या दोन्ही टोकांना हसू. बाई घड्याळ धरून बसलेल्या असायच्या. “हसण्यात एक मिनिट गेलं,” त्या म्हणायच्या.

पण एका जागी स्नेहल हमखास अडायची. दारू घेता का, पोट साफ होतं का, आणखी कुणाचं औषध चालू आहे का, हे विचारायची वेळ आली की ती घुटमळायची.

“बाई, काकांना दारूचं कसं विचारू?”

“तो काका नाही. पेशंट आहे.”

“आगं विचार की,” भिमाजी म्हणाले. “मी आज गावचा सरपंच हाय. मला राग यायचा नाय, उलट मान दिल्यासारखं वाटंल.”

दोन महिने असे गेले. हळूहळू प्रश्न सुटे होऊ लागले. पहिल्यांदा ती यादी म्हणावी तशी म्हणायची. पुढे पुढे उत्तर ऐकून त्यातून पुढचा प्रश्न काढू लागली.

माघातली एक सकाळ. त्या दिवशीची चिठ्ठी साधी होती. वय अडुसष्ट, रक्तदाब, गोळी वाढवूनही उतरत नाही. लाल पेनाने लिहिलं होतं, रोज जेवताना लोणचं आणि खारावलेली मिरची खातो. भिमाजी खुर्चीत बसले, फोन मांडीवर घेतला. वय आणि दुखणं त्यांचं स्वतःचंच होतं, म्हणून बाईंनी मुद्दाम त्यांना तीच चिठ्ठी दिली होती.

स्नेहलने नाव विचारलं, जन्मतारीख विचारली. कुठली गोळी, कधी, चुकते का, चुकली तर काय करता. जेवणात मीठ किती. भिमाजींनी लोणच्याचं कबूल केलं. लाल ओळ सापडली होती. बाईंनी घड्याळाकडे पाहिलं, वेळ शिल्लक होता.

“आणखी एक विचारते,” स्नेहल म्हणाली. “डॉक्टरांच्या चिठ्ठीत नसलेलं काही घेता का? कुणी दिलेली गोळी, स्वतः आणलेली, चूर्ण, पुडी? बरेच लोक घेतात. सांगितलंत तर मला नीट मदत करता येईल.”

भिमाजींनी फोन एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतला. बाईंना वाटलं, नाटक आहे.

“घेतो की,” ते शेवटी म्हणाले. “गुडघ्याची. रोज दोन.”

“अहो, हे चिठ्ठीत नाही,” बाई हळूच म्हणाल्या.

“चिठ्ठीत न्हाई. खिशात हाय.”

त्यांनी सदऱ्याच्या आतल्या खिशात हात घातला आणि दुखण्याच्या गोळ्यांचं एक पाकीट काढून टेबलावर ठेवलं. दहातल्या सहा जागा रिकाम्या होत्या. बाई त्या पाकिटाकडे बघत राहिल्या. हा सदरा त्या रोज धूत होत्या. पाकीट धुण्याआधी निघत होतं आणि नंतर परत जात होतं, आणि आपल्याला आपल्या माणसाचं सगळं ठाऊक आहे अशा समजुतीत त्या बेचाळीस वर्षं राहिल्या होत्या.

“किती दिवस झाले?” फोनवरचा आवाज शांत होता. बाईंनी असा आवाज तिच्याकडून कधी ऐकला नव्हता.

“पाच वर्षं व्हत आली. गेणू ड्रायव्हरनं दिली पयली. त्याला गुण आला, मलाबी आला. मग स्टँडासमोरच्या दुकानातनं आणत गेलो.”

“माझ्याकडून नाही?”

“तुज्याकडनं घेतली असती तर मास्तरीणबाईंना कळलं असतं. गुडघे गेले म्हन्ल्यावर माझं फिरणं बंद केलं असतं हिनं. एसटी सुटली असती माझी.”

“उपाशीपोटी घेता?” स्नेहलने विचारलं. “पोटात जळजळ? शौचाला काळं होतं? लघवी कमी झालीय? पायांवर सूज?” ती एकेक विचारत गेली आणि भिमाजी एकेकाचं खरं उत्तर देत गेले. पायांवर सूज होती. ते मोजे घालून झाकत होते. बाई समजत होत्या, थंडीमुळे.

घड्याळ बाईंच्या हातात होतं. वेळ संपून अकरा मिनिटं झाली तरी कुणी थांबायला सांगितलं नाही.

“काका,” स्नेहल शेवटी म्हणाली, “ही गोळी रक्तदाब वाढवते आणि मूत्रपिंडावर ताण आणते. म्हणून तुमची बीपीची गोळी लागू पडत नाही. डॉक्टरांनी दोनदा वाढवली ना? आज ही बंद. पाकीट आणि चिठ्ठी घेऊन आजच डॉक्टरांकडे जा आणि रक्त तपासून घ्या. बीपीची गोळी मात्र मनाने बंद करू नका.” मग तिची सरावाची भाषा सुटली आणि आवाज पिंपळवंडीचा झाला. “पाच वर्षांतली दोन मी समोर व्हते, काका. दर महिन्याला गोळ्या दिल्या तुमाला. एकदाबी इचारलं न्हाई मी.”

“तू इचारलं न्हाई, मी सांगितलं न्हाई,” भिमाजी म्हणाले. “तुज्यासमोर चालताना लई सरळ चालायचो मी. तुजी नजर वळखून व्हतो.”

डॉक्टरांनी रक्त तपासलं. मूत्रपिंडावर ताण आला होता, पण वेळेत कळलं, असं ते म्हणाले. गुडघ्यांसाठी मलम, व्यायाम आणि काठी आली. काठीला भिमाजी नाकं मुरडायचे. पण स्टँडवरची चक्कर बाईंनी बंद केली नाही. त्या स्वतः बरोबर जाऊ लागल्या. नवऱ्याबरोबर चालता चालता त्यांनी बऱ्याच गोष्टी पहिल्यांदाच विचारल्या. काहींची उत्तरं त्यांना हसवणारी होती, काहींची नव्हती.

वसंतात स्नेहलने पुन्हा परीक्षा दिली. परीक्षा झाल्यावर तिने फोन केला आणि पास होईन की नाही याबद्दल अवाक्षर काढलं नाही. एवढंच म्हणाली, “बाई, एका खोलीत एक बाई बसली होती. हात एकदम सुजलेले, अंगठी रुतलेली. मी आधी मान खाली घातली आणि विचारायला सुरुवात केली. सगळं विचारून झाल्यावर वर बघितलं.”

“मग?”

“मग काय? ती थकवा आलाय म्हणाली होती. शेवटच्या प्रश्नाला सांगितलं, शेजारणीने दिलेली पुडी घेते म्हणून. इकडेबी शेजारणी असतात, बाई.”

निकाल लागला त्या दिवशी भिमाजींनी स्टँडवर पेढे वाटले. गेणू ड्रायव्हरला पेढा देताना ते म्हणाले, “घे. आन् तुज्या खिशात काय हाय ते दाव.” गेणूने खरंच दाखवलं. त्यालाही मग बाईंनी डॉक्टरांकडे धाडलं.

नंतर कायद्याची परीक्षा आणि हाताखालचे तास यांत स्नेहलचे आणखी काही महिने गेले. अंजनाबाई अजूनही बाजारपेठेतून जाताना त्या मेडिकलसमोर क्षणभर थांबतात. काउंटरवर आता दुसरी मुलगी असते. झुंबरबाई पाकिटं घेऊन आली तर त्यांचे कोपरे तीही कापून देते. स्नेहलने जाण्याआधी तिला ते शिकवलं होतं. चिखल्यांचं मलम मात्र झुंबरबाईला आता मागून घ्यावं लागतं, आणि ती मागते.

कॅलेंडरच्या पानांच्या चिठ्ठ्या बाईंनी एका डब्यात ठेवल्या आहेत. माघातली ती एक त्यांत नाही. ती भिमाजींच्या सदऱ्याच्या आतल्या खिशात असते, रोज धुण्याआधी निघते आणि नंतर परत जाते.

स्नेहल सध्या सस्कॅचेवान प्रांतातल्या एका लहान गावातल्या औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. सोमवार ते गुरुवार काम करते, आणि जुन्नरहून नेलेली कात्री काउंटरच्या खणात ठेवते.